ठराव क्रमांक चार

तेजस्विनीची समितीवर निवड झाली ती अक्षरावर. भाषण नाही, मतदान नाही, चिठ्ठ्यासुद्धा नाहीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हेडसर सातवीच्या वर्गात आले, फळ्यावरच्या सुविचाराकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुणी लिहिलं?"

सुविचार वेळेच्या महत्त्वावर होता आणि सर वीस मिनिटं उशिरा आले होते. आपलं काही खरं नाही, असं समजून तेजस्विनी उभी राहिली.

"आजपासून तू शाळा व्यवस्थापन समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी," सर म्हणाले. "शाळा सुटल्यावर थांब जरा. रजिस्टर लिहायचंय."

उंबरदरा म्हणजे महाळुंगे पडवळच्या पल्याड, उसात गळ्यापर्यंत बुडालेलं गाव. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. वर्ग सात, शिक्षक चार. हेडसरांचं अक्षर असं की त्यांनी दिलेला रजेचा अर्ज एकदा वरच्या ऑफिसात कुणाला वाचता आला नाही आणि म्हणून मंजूर झाला. त्यामुळं समितीच्या सभेचं इतिवृत्त सर तोंडी सांगायचे आणि तेजस्विनी लिहायची.

नियमानं समितीत एक मुलगी आणि एक मुलगा, असे दोन प्रतिनिधी लागतात. त्यांना मत नसतं, पण सही लागते. मुलगा प्रतिनिधी जूनअखेर शाळा सोडून नारायणगावच्या इंग्रजी शाळेत गेला. त्याची सही मात्र अजून इथंच शिकत होती. ती कोण करायचं, हे तेजस्विनीनं विचारलं नाही. सर ती डाव्या हातानं करायचे.

समितीची दर महिन्याला सभा होते, असं रजिस्टर सांगतं. सभेची पद्धत अशी. आधी रजिस्टरचं एक कोरं पान उघडायचं. त्याच्या तळाशी सदस्यांची नावं ओळीनं लिहायची. मग ते रजिस्टर तेजस्विनीनं दप्तरात घालून गावभर फिरवायचं. कुणी गोठ्यात सही करायचं, कुणी विहिरीच्या मोटारीवर वही ठेवून, कुणी गाडीच्या बॉनेटवर. सगळ्यांच्या सह्या झाल्या की सभा संपली. सभेत काय बोलणं झालं, ते दोन-तीन दिवसांनी सरांना आठवायचं आणि तेजस्विनी ते वरच्या कोऱ्या जागेत लिहून काढायची. "सखोल चर्चा झाली" हे वाक्य तिनं जुलैच्या एका पानात पाच वेळा लिहिलं होतं.

ओटीपी कुणाला सांगू नका, म्हणून फोनवर रोज बोंबलणारी ही माणसं. कोऱ्या पानावर मात्र बिनधास्त सही ठोकायची.

समितीचे अध्यक्ष गेणभाऊ. गावच्या बैलगाडा संघटनेचेही अध्यक्ष तेच. शर्यतीत घाटाच्या, म्हणजे बैल पळतात त्या चढाच्या, वर उभं राहून ओरडायची सवय असल्यामुळं ते फोनवर हळू बोलले तरी दोन आळ्यांना कळायचं. दुसरे पारसशेठ. त्यांच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथं दुकान टाकलं. आता शेठ घरी बायकोशी भांडतात तेही मराठीत. ते समितीत 'शिक्षणप्रेमी' म्हणून होते. तसं पदच असतं. दुकान शाळेच्या फाटकासमोर, तेव्हा प्रेम असणारच. तिसरी कुशाबाची सून. निम्म्या सदस्य बायका हव्यात, या नियमानं ती आली होती. सदस्य सून, सही सासऱ्याची. कुशाबा तिच्या नावापुढं स्वतःचं नाव लिहायचा आणि कुणाला त्यात काही खटकायचं नाही. बाकीचे सदस्य या तिघांनी सही केली की करायचे.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग बिबट्या आला.

बिबट्या तसा इथं नवा नाही. ऊस आहे तिथं बिबट्या आहे. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यानं कुशाबाचं वासरू नेलं, तेही दिवस मावळायच्या आत, कालव्याच्या वाटेवरून. त्याच वाटेनं तेजस्विनी आणि खालच्या वस्तीच्या चार मुली रोज घरी जायच्या. अडीच किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस. शाळा पाचला सुटायची, पण वर्ग झाडायचा, खिडक्या लावायच्या, सरांची गाडी किक घ्यायला तयार होईपर्यंत थांबायचं, की साडेपाच. थंडीत घर यायच्या आत अंधार.

पंधरा ऑगस्टला समितीची वर्षातली एकमेव खरी सभा असते, कारण झेंडावंदनानंतर जिलेबी असते. सगळे हजर होते. सर म्हणाले, "कुणाला काही विषय?" हे ते दर वर्षी विचारायचे आणि लगेच आभार मानायचे. यंदा मधेच तेजस्विनी उभी राहिली.

"सर, शाळा चारला सोडाल का?"

जिलेबीचा घास तोंडापाशी थांबतो म्हणतात, तसं झालं.

"सकाळी दहाऐवजी साडेनऊला भरवायची, मधली सुट्टी अर्धा तास कमी करायची," ती म्हणाली. हिशोब तिनं वहीच्या मागं करून आणला होता. "तास तेवढेच भरतात. आणि आम्ही उजेडात घरी पोचतो."

"साडेनऊ?" गेणभाऊ म्हणाले. "पोरी, पोरं साडेनऊला साळंत, मंग डेअरीला दूध घालायचं कोणी? तुझ्या बिबट्यानी?"

"मी नारायणगावहून येतो," हेडसर म्हणाले. "आमच्या चिरंजीवांची बस सव्वानऊला. त्याला बसवल्याशिवाय निघता येत नाही." चिरंजीव कुठल्या शाळेच्या बसनं जातात, ते सांगायची गरज नव्हती. बसवर इंग्रजीत लिहिलेलं होतं.

पारसशेठ विचारात पडले. "मधली सुट्टी कमी केली तर मुलांचं खाणं होणार नाही हो. वाढत्या वयात पोट भरलं पाहिजे." मुलांचं पोट शेठच्या दुकानातल्या कुरकुऱ्यांवर भरत होतं.

"पण बिबट्या..." तेजस्विनी म्हणाली.

"हां, बिबट्याचं काहीतरी केलंच पायजे," गेणभाऊ म्हणाले आणि त्यांनी ते लगेच केलं. "फ्लेक्स लावू."

फ्लेक्स आठ दिवसांत लागला, खालच्या वस्तीच्या तोंडाशी, कालव्याच्या पुलापाशी. 'बिबट्यापासून सावधान!' खाली गॉगल घातलेले गेणभाऊ, हात जोडून, फ्लेक्सच्या निम्म्या उंचीचे. कोपऱ्यात मांजराएवढं जनावर. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सावध राहायचं ते गेणभाऊंपासून. शिवाय फ्लेक्सवाल्यानं इंटरनेटवरून काढलेलं ते जनावर बिबट्या नव्हतंच. डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या रेघा होत्या. तेजस्विनीनं पुस्तकात बघून सांगितलं, "हा चित्ता आहे."

कुशाबा म्हणाला, "मग बरंय की. चित्ता आपल्याकडं न्हाईच. ह्या फ्लेक्सपासून कुनालाच धोका न्हाई."

सप्टेंबरात एका सकाळी त्याच फ्लेक्सच्या खाली ओल्या मातीत पंज्याचे ठसे सापडले. जनावर बराच वेळ बसलं असावं. बहुतेक वाचत असेल.

ठशांची बातमी खालच्या वस्तीवर पोचली ती कोंडाबाईच्या कानावर. कोंडाबाई ही तेजस्विनीची आजी. वय सत्तरच्या पुढं, कमरेत वाकलेली, जिभेत नाही. तिनं जेवताना जाहीर करून टाकलं, "दिवाळीपस्तोर बघते. दिवाळीनंतर ह्या पोरीला चाकणला सोडायची, तिच्या आत्याकडं."

"आजी, माझी सातवी आहे," तेजस्विनी म्हणाली.

"बिबट्याला काय सातवी-आठवी कळतीया व्हय?"

तेजस्विनीनं पप्पांकडं बघितलं. रत्नदीप नारायणगावला वडापची जीप चालवायचा. त्यानं ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाला, "माझ्या जीपमध्ये अकरा माणसं बसत्यात. पण पाचच्या टायमाला मलाच घरी यायला सीट न्हाई. त्याच टायमाला खरी पॅसेंजर असती. मी कसा आणू तुला रोज?"

मम्मी, म्हणजे रत्ना, सहापर्यंत टोमॅटोच्या तोडणीला असायची. बोलून उपयोग नसला की ती भांडी जोरात घासायची. त्या दिवशी भांडी लई वाजली.

चाकणच्या आत्याला दीड वर्षाची जुळी होती. ती दर फोनला म्हणायची, "पाठवा की तिला, हितं शाळा काय कमी हायेत?" शाळा कमी नव्हत्या. हात कमी होते. आत्याला शिकणारी भाची नको होती, एका काखेत एक आणि दुसऱ्या काखेत दुसरं घेणारी हवी होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोंडाबाईला सगळ्यात जास्त.

"मला दुसरीतून काढली," ती नंतर अंगणात तेजस्विनीची वेणी घालताना म्हणाली, "तवा बिबट्या नव्हता. मानसंच पुरली. आता तुला बिबट्यापायी काढायची म्हंजी माजं नशीब बघ. पर तू जित्ती तर रहा आदी."

तेजस्विनीला आजीचा राग आला आणि त्याच वेळी तिला काही उलटंही बोलता येईना. हा प्रकार तिला नवीन होता. तिनं वेणी हिसकावून घेतली.

ऑक्टोबरची सभा आली. म्हणजे कोरं पान आलं.

"दिवाळीच्या आधी बाई येणार आहेत तपासणीला," हेडसर म्हणाले. बाई म्हणजे केंद्रप्रमुख, आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणाऱ्या. सर त्या वेळी मोबाईलवर कुठल्यातरी ॲपमध्ये पोरांची वजनं भरत होते, आणि ॲप दर तिसऱ्या पोराला त्यांना बाहेर काढत होतं. "सह्या घेऊन ये. आणि लिहून पण टाक."

"सर, काय लिहू?"

"मागचं बघून लिही गं. एवढे महिने लिहितेयस."

तेजस्विनीनं मागं उलटून ऑगस्टचं पान काढलं. 'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत सखोल चर्चा झाली. ठराव क्र. ३ : बिबट्यापासून सावधगिरीचा फ्लेक्स लावण्यात यावा. सूचक : अध्यक्ष. अनुमोदक : शिक्षणप्रेमी सदस्य. सर्वानुमते मंजूर.' पंधरा ऑगस्टला तिनं काय विचारलं होतं, त्याचा त्यात एक शब्द नव्हता. आणि ते पान तिनंच लिहिलं होतं, तिच्याच अक्षरात.

गेणभाऊ घाटाच्या तयारीत होते. बैलांच्या शिंगांना रंग चालला होता.

"आबा, सही."

गेणभाऊंनी रंगाच्या बोटांनीच पेन घेतलं. सहीबरोबर पानावर गुलाबी अंगठाही उठला.

"आबा, वर काय लिहू?"

"आं?"

"वर कोरं आहे. ठराव काय लिहू?"

"लिव्ह की तुला काय लिव्हायचं ते! बैल बुजतोय हितं, डोकं नको खाऊ!"

पारसशेठनी दुकानात काट्यावर साखर ठेवून सही केली.

"काका, ठराव काय लिहायचा?"

"चांगला लिही बेटा," शेठ म्हणाले. "मुलांच्या हिताचा. आमचं अनुमोदन आहेच."

कुशाबा ओट्यावर बसला होता. त्यानं सवयीनं हात पुढं केला, तेवढ्यात आतून सून ओल्या हातांनी बाहेर आली.

"ताई, सदस्य तुम्ही आहात," तेजस्विनी म्हणाली. हे तिला आधी कधी सुचलं नव्हतं. "वर काय लिहू?"

सुनेनं आधी सासऱ्याकडं बघितलं, मग कोऱ्या पानाकडं. "म्हंजी? आजून लिव्हलंच न्हाई? मग आमी आजवर सही कशावर करतोय?"

"मी करतोय," कुशाबा म्हणाला.

"तुमाला न्हाई विचारलं, मामंजी." तिनं पदराला हात पुसले. "चारला सोडा म्हनावं गं शाळा. माजं पोर पहिलीत हाय. त्याच वाटेनं येतंय. वासरू नेलं त्या दिवसापासनं पाच वाजलं की मी दारात येऊन हुबी ऱ्हाते." आणि तिनं स्वतः सही केली, सावकाश, आडनावासकट. कुशाबा तिच्याकडं असा बघत राहिला, जणू त्याचं दुसरं वासरू कुणी नेलंय.

घरी आल्यावर तेजस्विनीनं रजिस्टर मांडीवर घेतलं. आपण करतोय ते बरोबर की चूक, हे ठरवायचा तिनं प्रयत्न केला. सगळ्यांना विचारलं होतं. एकजण म्हणाला काय वाटेल ते लिव्ह. एकजण म्हणाला हिताचं लिही. सर म्हणाले मागचं बघून लिही. एकटी कुशाबाची सून म्हणाली काय लिहायचं ते. बेरीज केली की उत्तर एकच येत होतं.

तिनं लिहिलं :

'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत चर्चा झाली. ठराव क्र. ४ : बिबट्याचा वावर लक्षात घेता दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेची वेळ सकाळी साडेनऊ ते दुपारी चार अशी ठेवण्यात यावी. मधली सुट्टी अर्धा तास कमी करण्यात यावी. वस्तीवरच्या मुलींना वर्ग झाडण्यासाठी थांबवू नये. सूचक : अध्यक्ष. अनुमोदक : शिक्षणप्रेमी सदस्य. सर्वानुमते मंजूर.'

'सखोल' तिनं मुद्दाम गाळलं. खोटं तरी किती लिहायचं.

सरांनी रजिस्टर न उघडता कपाटात ठेवलं.

बाई गुरुवारी आल्या, स्कूटीवर. तपासणी म्हणून गेणभाऊ आणि पारसशेठ इस्त्रीच्या कपड्यांत ऑफिसात बसले होते. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून तेजस्विनीला चहा द्यायला बोलावलं होतं. बाईंनी पोषण आहाराची वही बघितली, हजेरी बघितली, मग समितीचं रजिस्टर उघडलं आणि वाचता वाचता चष्मा वर केला.

"अध्यक्ष, हा ठराव तुम्ही मांडलात?"

गेणभाऊंना कोणता ठराव, ते माहीत नव्हतं. पण बाईंच्या आवाजात कौतुक होतं आणि कौतुक दारात आलं की गेणभाऊ कधी नाव-गाव विचारत नसत. "मंग! आपनच."

"शाळा साडेनऊला भरवायची. चारला सोडायची."

गेणभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. पारसशेठचा चहा बशीत सांडला. हेडसरांनी कपाटाचा आधार घेतला. तेजस्विनी ट्रे घट्ट धरून उभी राहिली.

"अहो, वरून पत्र आलंय," बाई म्हणाल्या. "बिबट्याचा वावर असलेल्या गावांनी समितीचा ठराव घेऊन वेळ बदलावी म्हणून. ग्रुपवर टाकलं होतं मी. सर, बघितलं असेलच तुम्ही." सरांच्या त्या ग्रुपवर दोनशे बारा मेसेज न वाचलेले होते. "अख्ख्या केंद्रात तुमच्या एका गावानं ठराव केला. बाकीचे नुसते फ्लेक्स लावतात."

शेठनी बशीतला चहा परत कपात ओतला.

"ही सही तुमचीच ना?" बाईंनी गुलाबी अंगठ्याकडं बोट केलं.

आता इथं गेणभाऊ अडकले. सही माझी पण ठराव माझा नाही, असं म्हणावं, तर मग सही कशावर केली? त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी शेठकडं. शेठनी आढ्याकडं.

"आपलीच," गेणभाऊ म्हणाले. आणि माणूस पुढारी का असतो, ते तेवढ्यात दिसलं. "लेकराबाळांचा प्रश्न हाय, मॅडम. मी म्हनलं, दूध काय, मागं-पुढं घालू. पोरी आदी घरी गेल्या पायजेत."

"अनुमोदन आमचं," पारसशेठ घाईनं म्हणाले. आता मागं राहून चालणार नव्हतं.

"सर, तुम्हाला काही अडचण?"

"छे छे," सर म्हणाले. "चिरंजीवांची बस... म्हणजे, काहीच अडचण नाही."

"आणि मुलगा प्रतिनिधी कुठाय?"

"आजारी आहे," सर, गेणभाऊ आणि शेठ एकदम म्हणाले. समितीत खरोखर सर्वानुमते झालेलं ते पहिलं काम.

स्कूटीचा आवाज लांब गेल्यावर गेणभाऊ तेजस्विनीकडं वळले. "तू व्हय गं?"

"आबा, तुम्ही म्हणालात, लिव्ह तुला काय लिव्हायचं ते."

"मी बैलाला वैतागून म्हनलो!"

"तेजस्विनी," हेडसर म्हणाले, "हे चुकीचं आहे. कळतंय का तुला?"

"कुठलं, सर?" तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "मी लिहिलं ते, की आधी सह्या घेतल्या ते?"

सरांनी रजिस्टर उघडून त्या पानावर बोट घासून बघितलं. मग विचारलं, "पेन्सिल की पेन?"

"पेन."

"म्हणजे खोडताही येणार नाही." त्यांनी रजिस्टर मिटलं आणि स्वतःशीच हसल्यासारखं केलं. "शुद्धलेखन मात्र चोख आहे हो."

दिवाळीच्या सुट्टीनंतर मंजुरी आली आणि दोन गोष्टी बदलल्या. एक, शाळा चारला सुटायला लागली. दोन, तेजस्विनीवरचा 'अभ्यासाचा ताण' लक्षात घेऊन तिला प्रतिनिधी पदावरून मोकळं करण्यात आलं. तिच्या जागी सहावीतली एक मुलगी आली. तिचं अक्षर सरांच्या वरताण आहे. पण कोऱ्या पानावर आता कुणी सही करेना. रजिस्टर गावातून फिरून यायला चार दिवस लागायला लागले, कारण प्रत्येकजण वरचं वाचून बघतो. लिहिता-वाचता जेमतेम येणारा कुशाबासुद्धा ते हातात घेऊन थोडा वेळ गंभीर होतो, मग मुकाट्यानं सुनेकडं देतो.

पद गेल्याचं तेजस्विनीला वाईट वाटलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुलापाशी नवा फ्लेक्स लागला : 'शाळेची वेळ बदलून दाखवणारे कर्तव्यदक्ष अध्यक्ष'. गेणभाऊ आणखी मोठे झाले होते. जनावराला जागा उरली नव्हती. पाचही मुली त्याच्याखाली उभ्या राहून इतक्या हसल्या की कोंडाबाई काठी टेकत बघायला आली.

"साडेचारलाच घरी?" ती म्हणाली. उन्हात डोळ्यांवर हात धरून तिनं पाचही डोकी मोजली. "शिकवत्यात का न्हाई काय त्या शाळेत?"

आजी-नात घरी पोचल्या तेव्हा आत्याचा फोन वाजत होता. मागं जुळी रडत होती. दिवाळी झाली, पोरीला कधी पाठवताय, असं आत्या विचारत होती. तेजस्विनी दप्तर न काढता दारातच उभी राहिली. कोंडाबाईनं फोन कानापासून जरा लांब धरला.

"न्हाई यायची ती," आजी म्हणाली. "तिची शाळा चारला सुटती आता... आगं, मी कोन ठरवनार? ठराव झालाय, बाई. सर्वानुमते."